उरलेले वीस टक्के

२०२३ साली मी घर घेतले. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि हातभर गॅलरी. जिल्ह्याच्या गावाबाहेर नवी वस्ती होते आहे, तिथे तिसऱ्या मजल्यावर. किंमत ४० लाख. कर्जाचा अर्ज घेऊन बँकेत गेलो तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याने पगाराचे दाखले पाहिले, मान डोलावली आणि अगदी सहज विचारले, "बाकीचं वडील देतील ना?"

त्या माणसाच्या मनात काही वाकडे नव्हते. तो प्रत्येकाला हेच विचारीत असणार, आणि बहुतेकांचे उत्तर 'हो' असेच येत असणार. पुढे आठ दिवस मी महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये सहकाऱ्यांना विचारीत होतो. एकाच्या वडिलांनी रस्त्याकडेची एक एकर विकली होती. दुसऱ्याला आजोबांच्या जुन्या वाड्याच्या वाटणीतून रक्कम आली होती. तिसऱ्याच्या सासऱ्यांनी 'लेकीसाठी' म्हणून हातभार लावला होता. आणि हे तिघेही आपले घर 'स्वतःच्या हिमतीवर' घेतले असे मनापासून मानीत होते. मी त्यांना खोटे म्हणत नाही. हप्ते तेच फेडतात. परंतु बँकेतल्या त्या साध्या प्रश्नाचे उत्तर माझ्या घरात एका शब्दात देता येत नव्हते. त्याला शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास सांगावा लागत होता. तोच येथे मांडतो आहे.

आधी व्यवहार पाहू. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के एवढेच कर्ज मिळू शकते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या हिशेबात धरीत नाहीत, तो खिशातून करायचा. म्हणजे ४० लाखांच्या घराला ३२ लाख बँकेचे. उरलेले ८ लाख आणि वरचा पावणेतीन लाखांचा खर्च आपला. माझा आणि माझ्या सवर्ण सहकाऱ्याचा पगार एकच आहे, त्यामुळे ८० टक्क्यांच्या बाबतीत आम्ही समान आहोत. तिथवर घटनेची समता पोचली आहे. पण उरलेले २० टक्के पगारातून येत नाहीत, ते मागून येतात. त्या २० टक्क्यांपाशी आल्यावर माझ्यामागे माझा बाप, आजा आणि पणजा उभे राहतात आणि त्यांचे हात रिकामे असतात. ते रिकामे का, हा खरा प्रश्न आहे. ते आळशी नव्हते, उधळे नव्हते. त्यांनी जन्मभर काम केले. मग त्या कामाचे काही साठले कसे नाही?

२

आमचे मूळ गाव अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या नगर जिल्ह्यात. आजा येसकर. वतनदार म्हणवून घेण्याचा मान त्यालाही होता, कारण महारकी हेही वतनच. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने या वतनाला सरकारी शिक्का बसला. वतनाची जमीन, तिला आमच्याकडे हाडकी-हाडोळा म्हणतात, गावकीच्या चाकरीच्या बदल्यात होती. मेलेले ढोर ओढणे, मयताची बातमी परगावी पोचवणे, सरकारी कामगाराच्या पुढे धावणे, वेशीवर रात्र काढणे. घरातला पुरुष दुखणाईत असला तर त्याच्या जागी दुसरा, तोही नसला तर बाई. चाकरी साऱ्या घरादाराची आणि मोबदला म्हणजे भाऊबंदांत वाटून वाटून उरलेले काही गुंठे व सुगीचे बलुते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. ही जमीन बापाकडून मुलाकडे येत होती, म्हणून तिला वारसा म्हणावेसे वाटते. पण वारशाचा अर्थ हा की मिळालेली वस्तू घेऊन माणूस आपल्या मर्जीने पुढे जाऊ शकतो. वतन सरकारच्या मंजुरीवाचून वतनाबाहेर विकता येत नव्हते. त्यातून भांडवल उभे राहत नव्हते. चाकरी सोडली तर जमीन जायची आणि जमीन धरली तर चाकरी सुटायची नाही. पाटील-कुलकर्ण्यांची वतनेही याच कायद्याखाली होती, हे खरे. परंतु त्यांच्यापाशी वतनाखेरीज बहुधा दुसरी, मालकीची जमीन होती, आणि त्यांचे वतन त्यांना गावात मान देत होते. आमचे वतन आम्हाला गावाबाहेर ठेवीत होते. बाप मुलाला जमीन देत नव्हता, आपल्या जागी मुलाला देत होता.

बाबासाहेबांनी हे फार लवकर ओळखले. मार्च १९२८ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर व्हावे, आणि ज्याला चाकरी नको त्याला पूर्ण सारा भरून जमीन राखता यावी, असा त्याचा रोख होता. ते विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. डिसेंबर १९३९ मध्ये आमच्याच जिल्ह्यात हरेगावला महार-मांग वतनदारांची परिषद भरली. वतनी जमिनीवरचा जुडीचा बोजा वाढवला जात होता, त्याविरुद्ध बाबासाहेब तेथे बोलले. माझा पणजा त्या परिषदेला भाकरी बांधून चालत गेला होता, असे आजा सांगायचा. वतन मोडायला आणखी वीस वर्षे जावी लागली. १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करण्याच्या कायद्याने ते गेले. ठरलेली रक्कम सरकारात भरल्यावर जमीन परत नावावर होणार होती. रोख रक्कम भरायची म्हणजे आधी ती असली पाहिजे. आजाने ती भरली, शेळ्या विकून. परत मिळालेली जमीन मात्र नव्या शर्तीची. विकायची तर परवानगी आणि नजराणा. सातबाऱ्यावर आजही 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिलेले आहे. आमच्या वाट्याला त्यातले नऊ गुंठे आहेत.

मी घर घेतो आहे म्हटल्यावर वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, हा सातबारा घेऊन आले. "हे इकून टाकू," म्हणाले. वकिलाने कागद पाहून परवानगीची वाट, नजराणा आणि भाऊबंदांच्या सह्या यांचा हिशेब सांगितला. दलाल मात्र त्याच दिवशी फोन करू लागले. परवानगीची भानगड ते बघून घेणार होते आणि त्यासाठी भाव निम्म्याहून कमी देणार होते. दादांनी सातबारा घडी करून परत पिशवीत ठेवला. या शर्ती आमच्या जमिनी धनदांडग्यांनी गिळू नयेत म्हणूनही होत्या, हे मला मान्य आहे. पण जिला राखता येते आणि जिच्यावर उभे राहता येत नाही, अशी ती जमीन राहिली आहे.

३

गाव सोडून शहरात गेलेल्यांचे काय झाले? शहरात वतन नव्हते, रोख मजुरी होती. परंतु मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात, जिथे मजुरी अधिक, तिथे अस्पृश्याला घेत नसत. धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने सवर्ण कामगार बाटत होता. म्हणजे एकाच गिरणीच्या छपराखाली दोन बापांच्या शिलकीत फरक पडत होता, आणि तो फरक पुढे दोन मुलांच्या घरांत पडला.

राहायला चाळी. प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट निघाला, १९२० मध्ये डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ बी.डी.डी. चाळी उभ्या राहिल्या. १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर सामाईक संडास. या चाळींनी आपल्या चळवळीला माणसे दिली, जागा दिली. जानेवारी १९७४ मध्ये पँथरवर दगड पडले तेही याच वरळीच्या चाळींत. परंतु खोली भाड्याची होती, सरकारची होती. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या मालकीच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. चार पिढ्या भाडे भरल्यावर पणतवाला घर मिळाले, असे काही घरांत घडले आहे. त्या आनंदात आपण सहभागी व्हावे, पण त्याला किती वर्षे लागली हेही मोजावे.

अशाच एका खोलीतला एक बाप आपल्या सर्वांना ठाऊक आहे. लष्करातून निवृत्त झालेले रामजी सुभेदार. पेन्शन तुटपुंजे, बिऱ्हाड परळला चाळीत. त्यांनी मुलासाठी घर बांधले नाही, बांधू शकतच नव्हते. त्यांनी पुस्तके घेतली. पैसे नसले की ते लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा दागिना मागून आणीत, गहाण टाकीत आणि पेन्शन आले की सोडवून परत करीत. ही हकीकत आपण भाषणांतून बापाच्या त्यागाची म्हणून सांगतो. ती तशी आहेच. पण दागिना बहिणींचा होता, ही गोष्ट आपण भरभर वाचून पुढे जातो. तिच्याकडे मी शेवटी परत येणार आहे. त्या मुलाने पुढे स्वतःच्या कमाईने दादरला 'राजगृह' उभे केले, आणि तेही मुख्यतः पुस्तकांना जागा हवी म्हणून. बापाने दिलेल्या पुस्तकांनी मुलाकडून घर बांधून घेतले, असे म्हटले तर चूक होणार नाही. आमच्याकडे मदतीचा मार्ग हा असा वळणाचा आहे. जिथे इतरांचा बाप वीट देतो तिथे आमचा बाप वही देतो, आणि विटेपर्यंत पोचायला मध्ये एक पिढी जाते.

४

आता माझ्या बापाकडे येतो. १९७२ च्या दुष्काळाने आमचे घर गावातून उठले. दादा १९७८ मध्ये एका नगरपालिकेत सफाई कामगार म्हणून लागले. नोकरीबरोबर क्वार्टर मिळाले. एक खोली, पुढे पत्र्याची पडवी. माझा जन्म तिथला. आम्ही तिला 'आमचं घर' म्हणत होतो, पण ते घर खराट्याचे होते. खराटा हातात असेतो छप्पर डोक्यावर.

या व्यवस्थेत एक सोय होती. लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगार निवृत्त झाला किंवा वारला तर त्याच्या जागी त्याच्या वारसाला घेतात. ज्या घरात दुसरा आधार नाही त्या घराला ही सोय भाकरी देते, तिची टिंगल कोणी करू नये. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला तिच्यात एक ओळखीची आकृती दिसल्यावाचून राहत नाही. काम वंशपरंपरेने, छप्पर कामाला बांधलेले, काम सोडले की छप्पर गेले. गावचे वतन १९५८ मध्ये कायद्याने मोडले. नगरपालिकेच्या हद्दीत त्याने आपले नाव बदलले.

दादा २०१६ मध्ये निवृत्त झाले. मी तेव्हा एम.ए., नेट होऊन एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवीत होतो. तासाला पैसे, तेही वर्षाअखेरीस, सुटीत काही नाही. वसाहतीतल्या जाणत्यांनी दादांना सांगितले, पोराला लावून टाक. पगार बरा आहे, क्वार्टर राहील. पोरगं सकाळी हजेरी लावील आणि दुपारी कॉलेजात शिकवील. माझी आईही गप्प बसून तेच म्हणत होती. आणि खरे सांगायचे तर मीही मनातून डळमळलो होतो. दादा एवढेच म्हणाले, "खराटा माझ्यापाशी थांबंल. खोली जाऊ दे."

खोली गेली. निवृत्त सफाई कामगारांना मालकीचे घर देण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाची श्रमसाफल्य आवास योजना आहे, ती आमच्या वसाहतीपर्यंत पोचली नव्हती. अडतीस वर्षे गाव झाडणारा माणूस साठाव्या वर्षी भाड्याची खोली शोधीत फिरला. दोन ठिकाणी आडनाव ऐकल्यावर खोली 'पाव्हण्यांसाठी ठेवलेली' निघाली. मी २०२१ मध्ये कायम झालो. मधली पाच वर्षे त्यांनी भाडे भरले, माझे चालवून घेतले, आणि एकदाही 'त्या वेळी ऐकलं असतं तर' असे म्हणाले नाहीत.

बँकेतल्या त्या अधिकाऱ्याला मला हे सांगायचे होते. माझ्या बापाने मला घर घ्यायला मदत केली आहे. ती कोणत्याही तक्त्यात लिहिता येत नाही. इतरांच्या बापांनी छप्पर दिले. माझ्या बापाने छप्पर सोडले.

५

हे एका घराचे दुखणे नाही. २०१३ च्या अखिल भारतीय कर्ज व गुंतवणूक सर्वेक्षणाच्या आधारे अभ्यासकांनी संपत्तीची जातवार मोजणी केली आहे. त्यात सुमारे २२ टक्के असलेल्या हिंदू उच्चजातीयांकडे देशाच्या संपत्तीपैकी ४१ टक्के आणि अनुसूचित जातींकडे ७.६ टक्के असल्याचे दिसले. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींचे प्रमाण १६.६ टक्के आहे. राखीव जागांनी आपल्या काही घरांत पगार आणला, मालमत्ता आणली नाही. पगार एका पिढीत येतो, मालमत्तेला तीन लागतात. आणि त्या तीन पिढ्यांत एखादी आग लागली तर पुन्हा पहिल्यापासून. मराठवाड्यात १९७८ मध्ये नामांतराच्या ठरावानंतर दलितांची घरे जाळली गेली, तेव्हा कुडाच्या भिंतींबरोबर कणगीतले धान्य, पितळेची भांडी, पेटीतले कागद जळाले. तेच त्या घरांचे २० टक्के होते.

आणखी एक. आमच्यात पहिला पगार आला की पैसा खालून वर वाहू लागतो. आईचे दुखणे, धाकट्याचे शिक्षण, गावच्या घराचा पत्रा, चुलत्याची उसनवारी. हे ओझे आहे असे मी म्हणत नाही, ते ऋण आहे. पण ज्या वयात माझ्या सहकाऱ्याकडे पैसा वरून खाली येत होता त्या वयात माझ्याकडून तो वर जात होता, आणि बँक दोघांनाही 'बचतीची सवय' विचारीत होती.

शासनाने काहीच केले नाही असे नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने युद्धोत्तर पुनर्रचना योजना क्रमांक २१९ खाली मागासवर्गीयांच्या गृहनिर्माण संस्थांना जमिनी दिल्या. आपल्यातले पहिले कारकून, शिक्षक, पोस्टमन त्यामुळे घरमालक झाले. म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जातींसाठी ११ टक्के घरे राखीव असतात. पण सोडत लागली तरी २० टक्क्यांचा प्रश्न तसाच उभा राहतो. व्याजावरच्या अनुदानाच्या योजनाही कर्ज मिळाल्यानंतर कामाला येतात, उंबरठा ओलांडायला नाही.

हे अशक्य आहे का? १९७८ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाची बीजभांडवल योजना पाहा. व्यवसायासाठी बँक ७५ टक्के देते, महामंडळ २० टक्के आणि अर्जदार ५ टक्के. म्हणजे बापाने द्यायचे ते २० टक्के शासनाने द्यावेत, हे तत्त्व महाराष्ट्राने दुकानासाठी आणि रिक्षासाठी मान्य केले आहे. पहिल्या घरासाठी ते का मान्य होऊ नये? ज्यांच्या तीन पिढ्यांचे श्रम या गावांनी आणि शहरांनी फुकट वापरले, त्यांच्या चौथ्या पिढीला एवढी रक्कम अल्प व्याजाने देणे हा उपकार नव्हे, तो थकलेला हिशेब आहे. आपल्या शिक्षक-कर्मचारी संघटनांनी ही मागणी पुढे घ्यावी, असे मला वाटते.

६

दुसऱ्याकडे बोट दाखवून झाल्यावर आपल्याकडे वळले पाहिजे. माझे २० टक्के अखेर कुठून आले, ते सांगतो. माझी बचत, पतपेढीचे कर्ज, आईने बचत गटातून उचललेले ४० हजार आणि दादांच्या निवृत्तीच्या पैशांतले ३ लाख. दादांनी चेक लिहिला तेव्हा माझी धाकटी बहीण शेजारी बसली होती. ती नवऱ्याबरोबर औद्योगिक वसाहतीजवळ एका भाड्याच्या खोलीत राहते. ती काही बोलली नाही. उलट म्हणाली, "दादाचं घर झालं म्हणजे आपलंच झालं." आमच्यात मलाही धाकटी भावंडे दादा म्हणतात.

मी तेव्हा तो चेक घेतला. पुढे बऱ्याच दिवसांनी, वर्गात हिंदू कोड बिल शिकवताना, शब्द घशात अडकले. ज्या विधेयकाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्याचा गाभा मुलीला मालमत्तेत हक्क हाच होता. १९५६ चा वारसा कायदा आपल्याला, बौद्धांनाही, लागू आहे. बापाच्या मागे मुलगा आणि मुलगी समान. पण बाप जिवंत असताना मुलाच्या घराला जे देतो त्याकडे कायदा पाहत नाही. तिथे सगळा कारभार आपल्या विवेकावर सोडलेला आहे. वतनाच्या पाळ्या पुरुषांच्या नावावर लागत होत्या. मी तो चेक घेतला तेव्हा तीच वहिवाट माझ्या हातून पुढे चालली होती, फक्त आता तिच्यात सदनिकेचा क्रमांक आला होता.

त्या ३ लाखांतले दीड लाख बहिणीचे आहेत, हे मी दादांना सांगितले. ते म्हणाले, "तिनं मागितले का?" मी म्हटले, "आत्यांनीही सुभेदारांना कधी मागितले नसतील." दादा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिहून ठेव." लिहून ठेवले आहे. दर महिन्याला ३ हजार तिच्या खात्यावर जातात. पन्नास महिने लागतील, त्यातले काही गेले आहेत. यात थोरपणा काही नाही, उशीर मात्र झालेला आहे.

आपल्यातले अनेक जण आता पहिले घर घेत आहेत. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो लावून आपण गृहप्रवेश करतो, पाहुण्यांना जेवू घालतो. त्या दिवशी रात्री, पाहुणे गेल्यावर, एक कागद घेऊन बसावे आणि आपल्या २० टक्क्यांची यादी करावी. कोणी काय दिले, कोणी काय सोडले, कोणाचा दागिना गेला. त्या यादीत बापाचे नाव येईल, आईचे येईल. बहिणीचे नाव आले नाही, तर यादी पुन्हा करावी.